उघडी गाडी

मुळात उघडं असणं आणि कापून उघडं होणं यांत फरक काय, हा प्रश्न मला ठाण्याच्या एका गॅरेजात पडला. आमच्या भाऊजींना १९६८ ची फियाट टप कापून 'अस्सल उघडी विंटेज' म्हणून विकायची होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जुन्या उघड्या गाडीला खाली वेगळी चासी. दारं कमरेएवढी, दारांना काचा नाहीत. पाऊस आला की पडदे. तुमच्या कुर्ल्याच्या फियाटला चासीच नाही. टपासकट सगळा पत्रा हाच कणा. कापलात तर मधे बसेल, दारं लागायची नाहीत."

"गिऱ्हाइकाला कुठं कळतंय?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. माझी वरात याच गाडीतून निघालेली. तरी तोंडून गेलं, "पहिल्या पावसात कळेल."

डोंबिवलीपर्यंत भाऊजींनी काचा बंद ठेवल्या. तोंडही.