भिवंडीचं काय करायचं

आप्पांवर चार पानं लिहून ठेव, नातवंडांना कळायला हवं, म्हणून बहीण वर्षश्राद्धापासून मागे लागली आहे. लिहायला माझी ना नाही. कोणते आप्पा लिहायचे, तिथे मात्र हात अडतो.

सगळ्यांना हवे असलेले आप्पा तयारच आहेत. पाटण तालुक्यातून पोरवयात मुंबईला आले, लालबागच्या खोलीत दहाजणांबरोबर पाळीपाळीने झोपले, आधी बदली आणि मग कायम झाले, साचेखात्यात जन्म काढला. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांतले ते एक. गिरणीच्या फाटकातून पुन्हा आत गेले नाहीत. गावी जाऊन शेती केली. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, म्हणून ‘आम्ही अजून संपावरच आहोत’ असं ते पाहुण्यांना हसत सांगायचे. आमच्या मजल्यावरचा एकजण पुन्हा कामावर गेला, त्याच्याशी मात्र आप्पा मरेपर्यंत बोलले नाहीत. त्याची बायको वारली तेव्हाही खाली उतरले नाहीत.

मग अल्झायमर. या आजारात नव्या आठवणी रुजवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. सकाळचा चहा विसरतो आणि चाळीस वर्षांपूर्वीचा मुकादम समोर उभा राहतो. हातांची सवय त्याहून चिवट. आप्पा चादरीचे दोरे काढत बसायचे आणि तुटलेली दोन टोकं बोटांच्या एका वळणात जोडायचे. ती गाठ मला आजही जमत नाही. संध्याकाळ झाली की तिसऱ्या पाळीचा डबा शोधत घरभर फिरायचे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. मी त्यांचा धाकटा भाऊ झालो होतो. “तात्या, गावाकडं बोलू नगंस हां. भिवंडीला साचं चालवतोय मी. बारा तासांची पाळी. शेठनं पैसं थकवल्यात.” पुढे कितीतरी दिवस भिवंडी येत राहिली.

भिवंडी म्हणजे काय, हे गिरणगावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. संपाच्या काळात गिरण्या बंद आणि तिथले यंत्रमाग धडधडत होते; मालकांनी तिथून कापड विणून घेतलं. पोटासाठी कितीतरी संपकरी त्याच मागांवर उभे राहिले. त्यांना मी बोल लावत नाही. घरात चूल पेटवायची होती. पण मग मजल्यावरच्या त्या माणसाच्या घरातही चूलच होती ना?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवणीतल्या रिकाम्या जागा मेंदू आपल्या मनाने भरतो. पेशंट खोटं बोलत नसतो, पण ते घडलेलं असेलच असं नाही. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. भिवंडी आजाराच्या खात्यावर टाकून मी मोकळा झालो. आई आधीच गेलेली, तात्याही. विचारायचं कुणाला?

पण त्याच दिवसांत आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. “लई केलंस माझ्यासाठी,” म्हणाले. धडधाकट असताना हा माणूस माझा निकाल पाहून ‘बरं’ म्हणायचा, त्यापलीकडे काही नाही. तो हात मी खरा धरला. आल्यागेल्याला सांगितला. तेव्हा मात्र मेंदू रिकाम्या जागा भरतो, हे मला आठवलं नाही. आणि त्या क्षणी मी त्यांचा मुलगा होतो की तात्या, तेही मी तपासलं नाही. तात्याने संपात धान्य पुरवलं होतं. आभार त्याचेच असतील. एकाच माणसाच्या दोन साक्षी, एक उचलायची आणि एक फेकायची, हा कुठला न्याय?

दुसरी बाजूही आहे. जे त्यांनी आईलासुद्धा कळू दिलं नाही, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. आजाराने काढून घेतलं, आणि मी फक्त तिथे बसलो होतो. ते कागदावर आणण्याचा हक्क मला कुणी दिला? आणि लिहावंसं का वाटतं, हे खोदून विचारलं तर उत्तर फारसं शोभेचं नाही. सत्याची चाड थोडी असेल. पण ‘बरं’वर बोळवण करणाऱ्या बापाला एकदा खाली उतरवून बघण्याची हौसही त्यात आहे.

तरी मी लिहिलंय. ‘गावी जाऊन शेती केली’च्या पुढे एक ओळ: काही काळ भिवंडीत माग चालवला असावा, तसं ते शेवटच्या आजारपणात सांगत. डोक्यावरच्या हाताच्या ओळीलाही तीच पुस्ती जोडली. बहिणीने दोन्ही ओळी वाचल्या. हाताची तशीच राहू दे, भिवंडीची काढ, म्हणाली. मी म्हटलं, काढायच्या तर दोन्ही काढू. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.