अनाथोथचे शेत

नववर्षाच्या उपासनेनंतर वचनाचे कार्ड घेण्याची प्रथा आपल्या अनेक मंडळ्यांत आहे. माझ्या परिचयाच्या एका भगिनीला एके वर्षी यिर्मयाच्या 29व्या अध्यायातील 11वे वचन मिळाले. देवाच्या मनातील संकल्प आपल्या हिताचे आहेत, असे आश्वासन देणारे हे वचन सर्वांच्या आवडीचे. त्याच वर्षी पावसाळ्यात तिचे पती वारले. सांत्वनासाठी मी गेलो, तेव्हा ते कार्ड आरशाच्या चौकटीत तसेच खोचलेले होते. तिने विचारले, "भाऊ, हे वचन माझ्यासाठी नव्हतं का?" मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा उघडला. 11व्या वचनाआधी 10वे आहे, आणि ते आपण कार्डावर छापत नाही. बाबेलात बंदिवान झालेल्यांना तेथे सांगितले आहे की, सुटकेला 70 वर्षे लागतील. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकले, त्यांतील बहुतेकांचा देह परक्या मातीतच ठेवला जाणार होता. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही परत येईल असे सांगतो. त्यावर यिर्मया 'आमेन' म्हणतो. तसे व्हावे असे त्यालाही वाटत होते. पण आपली इच्छा आणि देवाचे वचन ह्या दोन गोष्टी त्याने एक होऊ दिल्या नाहीत. आपण मात्र पुष्कळदा हनन्याचा संदेश यिर्मयाच्या वचनात वाचतो.

मग वचनावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचे? ह्याचे उत्तर मला 32व्या अध्यायात सापडले. इ.स.पूर्व 587 च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमेला खास्द्यांचा वेढा पडला होता. नगर पडणार असे सांगितल्याबद्दल यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीला कोण गिऱ्हाईक मिळणार? पण देवाच्या आज्ञेवरून यिर्मयाने 17 शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून बारूखाला मातीच्या पात्रात ठेवण्यास सांगितले. ह्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे त्या व्यवहारामागचे वचन होते.

येथपर्यंतची कथा आपण व्यासपीठावरून ऐकतो. पुढचा भाग तितकासा ऐकत नाही. खरेदीखत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसला, आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी त्याचे कोडे बाहेर पडले: मोर्चे नगराला भिडले आहेत, नगर गेल्यातच जमा आहे, आणि तरी तू मला शेत घ्यायला सांगतोस! त्याने आधी आज्ञा पाळली, मग प्रश्न विचारला. मनातला गोंधळ लपवला नाही, आणि तो मिटेपर्यंत आज्ञापालन लांबणीवरही टाकले नाही. देवानेही त्याला त्या प्रश्नाबद्दल दोष दिला नाही. त्याचे ऐकून घेतले आणि वचन पुन्हा सांगितले.

पुढे लोकांनी यिर्मयाला मिसर देशात नेले. त्या शेतात त्याने पीक काढल्याचा उल्लेख कोठेही नाही. पण बंदिवासातून परतलेल्यांची यादी एज्राच्या 2ऱ्या अध्यायात आहे, आणि तिच्यात एक लहानशी नोंद आहे: अनाथोथचे लोक, 128. सहज नजरेतून सुटावी अशी ही ओळ आहे. वचन पूर्ण झाले होते. ते पाहायला ज्याने दाम मोजले, तो नव्हता.

काही दिवसांनी मी त्या भगिनीकडे पुन्हा गेलो. उपदेश केला नाही. यिर्मयाची ती प्रार्थना तेवढी वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं तर." आणि स्वतः होऊन प्रार्थनेला वाकली, पतीच्या मृत्यूनंतर बहुधा प्रथमच.

प्रिय वाचकहो, वचन आपल्या हाती आले म्हणजे त्याची वेळही आपल्या हाती येते, असे नाही. आपल्यापुढे आज जे शेत आहे, त्याचे दाम आपण मोजावे. आणि जे समजत नाही, ते प्रभूपुढेच मांडावे.