आधीच्या मुलांचे देणे

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. लातूरच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडले. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी काही कागद आमच्यापुढे ठेवले. नेहमीचे उपचार तर होतीलच, पण तुमची संमती असेल तर मुलाला एका अभ्यासातही घेता येईल, असे त्यांनी सांगितले. मुलाचे वडील उसळले, "म्हणजे आमच्या पोरावर प्रयोग करणार?" आम्ही सोबत गेलेल्या पुरुषांनीही माना डोलावल्या. गरीब, त्यात खेड्यातले, त्यात मुसलमान. प्रयोगाला आम्हीच बरे सापडलो, हे प्रत्येकाच्या मनात होते.

मुलाची आई तोवर गप्प होती. तिने हळूच विचारले, "डॉक्टरसाब, ये दवा पहले जिन बच्चों पो आजमाए, उनका क्या हुआ?"

डॉक्टर क्षणभर थांबले. म्हणाले, "अगदी पहिल्या मुलांपैकी कुणी वाचले नाही. त्यांच्यामुळेच आज तुमचे मूल वाचेल अशी आशा धरता येते."

तिच्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. त्या मुलांचे काय झाले, आणि आपण त्यांचे काही लागतो का?

त्यांची हकीकत नोंदलेली आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतीशास्त्रज्ञ काम करत होते. रक्ताचा कर्करोग झालेले मूल तेव्हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असे. फार्बर यांनी काही मुलांना फॉलिक अॅसिडच्या जातीची औषधे देऊन पाहिली. रोग कमी होण्याऐवजी भडकल्याचे त्यांना दिसले. मग त्यांनी उलटा विचार केला. ज्या द्रव्याने रोग वाढतो, त्याची वाट अडवली तर? तशी वाट अडवणारी औषधे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालचे संशोधक अमेरिकेतल्याच एका प्रयोगशाळेत तयार करत होते. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, मद्रासला शिकलेले. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध सोळा मुलांना दिल्याचा अहवाल १९४८ साली छापून आला. दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली, पण ती टिकली नाही.

म्हणजे ज्यांचा रोग भडकला, त्या मुलांनी वाट दाखवली. ज्यांचे आयुष्य थोडेसे लांबले, त्यांनी ती वाट खरी असल्याचे सिद्ध केले. घरी परतून मोठे होणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

१९६२ साली मेम्फिस शहरात सेंट ज्यूड बालरुग्णालय सुरू झाले. लेबनॉनहून आलेल्या ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेले विनोदी नट डॅनी थॉमस यांनी त्यासाठी अरब वंशाच्या अमेरिकन लोकांना हाक दिली होती आणि त्यांनी पैसा उभा केला. दक्षिण अमेरिकी संस्थानांत तेव्हा काळ्यागोऱ्यांचे दवाखाने वेगळे असत. इथे सगळी मुले एकाच छताखाली घेतली गेली आणि उपचाराचे बिल कुणाच्याही आईबापांच्या हाती दिले गेले नाही. डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत एकामागून एक अभ्यासांतून बसवत नेली. रुग्णालय उघडले तेव्हा या रोगातून शंभरात सुमारे चार मुले वाचत. दशक सरता सरता निम्मी वाचू लागली. प्रगत देशांतल्या चांगल्या केंद्रांत आज हा आकडा नव्वदच्या आसपास किंवा वर आहे.

पुढे २०१२ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात, दोनदा रोग उलटलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढून, बदलून, तिला परत देण्यात आल्या. तिला भयंकर ताप चढला, ती कृत्रिम श्वासावर गेली. डॉक्टरांनी रक्त तपासून संधिवाताचे एक औषध दिले आणि ती वाचली. तो ताप कसा आवरायचा, हे त्या आजारपणातून जगाला कळले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या याच धर्तीच्या भारतीय उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली, त्यामागेही त्या मुलीचे सोसणे आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग शंका कशाला? मुकाट सही करावी. आम्हाला हे मान्य नाही, कारण या इतिहासाला दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत १९५६ पासून पुढे कित्येक वर्षे मुलांना मुद्दाम काविळीची लागण केली गेली. त्यातून काविळीचे ज्ञान वाढले हे खरे, पण तेवढ्याने तो गुन्हा धुतला जात नाही. नायजेरियातल्या कानो या मुस्लिमबहुल शहरात १९९६ साली मेंदूज्वराची साथ असताना एका बड्या औषध कंपनीने सुमारे दोनशे मुलांवर चाचणी केली. आईबापांना पुरते सांगितलेच नव्हते, असा आरोप झाला, खटले झाले, २००९ साली तडजोड झाली. मधल्या काळात, २००३ साली, त्याच कानोत लोकांनी पोलिओचे थेंब नाकारले, आणि पोलिओ पुन्हा फैलावला. मोडलेल्या विश्वासाची किंमतही शेवटी मुलांनीच मोजली. आपल्या वस्त्यांतून लस नाकारणाऱ्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. त्यांच्या भीतीला कुठेतरी इतिहास आहे, हे विसरतो.

मग आईबापांनी करायचे काय? मूल ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. आपल्याकडे यतीमाच्या मालाचा नियम लहानथोरांना ठाऊक आहे. पालकाने तो माल सांभाळायचा, त्याच्या भल्यासाठी वापरायचा, पण त्यातून दानधर्म करायचा नाही. स्वतःच्या खिशातून हवा तेवढा सदका द्या, पोराच्या पैशाने पुण्य कमावू नका. मुलाच्या शरीरालाही हाच न्याय लावला, तर जगाच्या भल्यासाठी आपल्या लेकराला धोक्यात घालण्याचा हक्क आईबापांनाही उरत नाही.

पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. यतीमाच्या मालातून दान देता येत नसले, तरी त्याचे देणे असेल तर ते पालकाने फेडायचे असते. आता सवाल इतकाच उरतो, की अभ्यासात सहभागी होणे हे दान की देणे?

आम्हाला वाटते, ते देणे आहे. मुलाच्या शिरेत उतरणारा प्रत्येक थेंब आधीच्या मुलांनी कमावलेला आहे. फक्त हे देणे अजब आहे. ज्यांनी दिले त्यांना कुणी नीट विचारले नव्हते आणि ते वसूल करायला परत येणार नाहीत. म्हणून त्यांच्या नावाने वसुलीला उभे राहण्याचा अधिकार कुणा डॉक्टरला नाही, कंपनीला नाही, सरकारला नाही. देणे ओळखायचे ते घेणाऱ्याने, आणि फेडायचे तेही बेताने. थोडे जास्तीचे रक्त, आजाराच्या नोंदी, वर्षानुवर्षांच्या तपासण्या, किंवा दोन चांगल्या उपचारांतला फरक पाहणारा अभ्यास, एवढे त्यात बसते. मुलाचा जीव त्यात बसत नाही. देण्याला मर्यादा असते.

आणि हे देणे एकतर्फीही नाही. आपल्या मुलांनी अभ्यासाला रक्त द्यायचे, आणि त्यातून निघालेला उपचार आपल्यालाच परवडू नये, हा न्याय नव्हे. भारतीय पेशी-उपचाराने कोटींचा खर्च लाखांवर आणला, हे मोठे काम आहे. पण परळच्या फूटपाथवर फायली उशाला घेऊन झोपणाऱ्या बापाला लाखही कोटीच असतात. मेम्फिसमध्ये लोकवर्गणीतून जे होऊ शकले, त्याचा विचार आपल्या जकातीच्या आणि वक्फच्या कारभाऱ्यांनी करायला काय हरकत आहे?

त्या दिवशी आम्ही सही केली नाही. दोन दिवस मागून घेतले. नाही म्हटले तर उपचार थांबतील का, मधूनच बाहेर पडता येईल का, जास्तीचे काय करणार, असे सगळे विचारले. डॉक्टरांनी न चिडता उत्तरे दिली. आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही घ्यावा लागतो. आमचा मुलगा सहाचा होता, तरी त्याच्या आईने त्याला जवळ घेऊन समजावले. मग वडिलांनी सही केली.

कुणाला नवे औषध आणि कुणाला जुने, हे संगणकाच्या चिठ्ठीने ठरायचे होते. आमच्या मुलाच्या वाट्याला जुनेच उपचार आले. तो बरा झाला, आता शाळेत जातो. त्या अभ्यासातून त्याला स्वतःला काही मिळाले, असे म्हणता येणार नाही. पण त्याच्या नोंदी तिथल्या दफ्तरात आहेत. उद्या कुणी आई हाच प्रश्न विचारील, तेव्हा डॉक्टरांपाशी सांगायला आमच्या मुलाचीही एक ओळ असेल.