दाव्याला बांधलेल्यांचे ऋण

वाचकहो, ‘पशु’ हा शब्द आपण रोज हलकेपणाने वापरतो. शैव शास्त्रात त्याला मोठा अर्थ आहे. जो पाशाने बद्ध, तो पशु. या अर्थाने तुम्ही-आम्हीही पशुच. पति एक शिव. परंतु गोठ्यातली गाय आणि पिंजऱ्यातला सिंह यांच्या गळ्यात आणखी एक पाश आहे, आणि तो माणसाने वळलेला आहे. त्या पाशाची जबाबदारी कोणाची, हा आजच्या चिंतनाचा विषय.

जनावरापासून माणसाला रोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय लहान मूलही जाणते. माणसापासून जनावराला रोग होतो, ही गोष्ट मात्र कोरोनाच्या साथीने ठळकपणे पुढे आणली. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील ८ सिंहांना लागण झाल्याचे जाहीर झाले. ते बरे झाले. त्यानंतर चेन्नईजवळील वंडलूर येथील ९ सिंह बाधित निघाले. त्यांचे नमुने आमच्या मध्य प्रदेशातच, भोपाळच्या पशुरोग संस्थेत तपासले गेले. त्या जूनमध्ये तेथील एक सिंहीण व एक सिंह दगावले. पिंजऱ्यातला सिंह कोणत्या बाजारात गेला होता? रोग बहुधा त्याला अन्नपाणी देणाऱ्या माणसांकडूनच त्याच्यापर्यंत पोहोचला.

या विषाणूला शरीरात शिरण्यासाठी पेशीवरील एसीई-२ नावाचे प्रथिन लागते. ते प्रत्येक जातीत थोडे निराळे असते. म्हणून एकाच रोगाला एक प्राणी बळी पडतो आणि दुसरा सुटतो. एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील प्रयोगांत मांजरांना लागण सहज होते, कुत्र्यांना क्वचित होते, कोंबडी व बदक यांना होतच नाही, असे आढळले. त्याच वर्षी जर्मनीत सहा वासरांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडला, तेव्हा दोघांतच तो थोडा वाढला, आणि सोबतच्या गुरांना त्यांच्यापासून बाधा झाली नाही.

उज्जयिनीत राहणाऱ्याच्या मनात हे वाचून आपसूक देवांची वाहने उभी राहतात. महाकालासमोरचा नंदी बहुतांशी सुरक्षित राहिला. काळभैरवाचा श्वानही बराचसा वाचला. देवीचा सिंह मात्र सापडला. वाहनाला आपण हात जोडतो. पण ज्या जिवाची ती मूर्ती, त्याच्या श्वासाचा विचार आपल्या मनात येतो का?

आता दुसरी बाजू पाहा. कोंबडीपासून कोरोना होतो, अशी अफवा २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली. महाराष्ट्रात कोंबडीचे भाव कोसळले. बेळगाव जिल्ह्यात तर हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या गेल्या. ज्या प्राण्याला हा रोग होतच नाही, तो रोगाच्या नावाने मेला, आणि त्याच्यावर पोट असलेला शेतकरीही बुडाला. अज्ञान एवढे क्रूर असू शकते.

ज्ञान असूनही प्रश्न सुटत नाही. डेन्मार्कमध्ये मिंक नावाचा लहान प्राणी कातडीसाठी लाखोंनी पाळला जाई. त्याला माणसापासून लागण झाली, विषाणूचे रूप बदलले आणि तो पुन्हा माणसात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने देशातील सुमारे दीड कोटी मिंक मारण्याचा आदेश दिला. निरोगी कळप मारण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, हे मागाहून उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले.

येथे पूर्वपक्ष असा की, माणसे प्राणवायूवाचून तडफडत असताना सिंहाची चिंता कसली? माणसाचा जीव वाचवण्यासाठी प्राणी मारावे लागले, तर त्यात दोष कोणता? हा आक्षेप पोकळ नाही. ज्यांनी घरातले माणूस गमावले त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. प्रसंगी तशी हत्या अटळ ठरेल, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु अटळ म्हणजे निर्दोष नव्हे. मिंकांना एकेका शेडमध्ये दाटीने कोंडले कोणी? सिंहाला दूर जाता येणार नाही असे गज लावले कोणी? माणूस गर्दी टाळू शकत होता, दार लावू शकत होता. बांधलेल्या जिवाला तो पर्याय आपणच ठेवला नव्हता. नकळत रोग दिला गेला, तर ते पाप म्हणता येणार नाही. पण कळल्यानंतरही जो खोकत गोठ्यात शिरतो, त्याला अज्ञानाचा आधार उरत नाही. बसवण्णांनी दयेला धर्माच्या मुळाशी ठेवले. त्या दयेचा अर्थ केवळ कळवळा असा घेऊ नये. आपण ज्याला बांधले त्याचे ऋण आपल्यावर आहे, ही जाणीव म्हणजे दया.

कोणी विचारील, आजाऱ्याने गाईपासून दूर राहावे, हे सूतकच नव्हे काय? आपली परंपरा तर पंचसूतके मानीत नाही. भेद नीट समजून घ्यावा. सूतकात समोरच्याला अपवित्र मानून दूर ठेवतात. येथे समोरच्याच्या रक्षणासाठी आपण स्वतः दूर होतो. पहिल्यात अहंकार आहे, दुसऱ्यात सेवा.

जून २०२२ मध्ये हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने प्राण्यांसाठी कोरोनाची लस सादर केली, ही समाधानाची गोष्ट. तरी लस प्रत्येक दारी पोहोचणार नाही, आणि पुढची साथ कोणत्या प्राण्याला धरील हे आधी कळणार नाही. आपल्या हाती आहे ते साधे आहे. ताप-खोकला असता धार काढण्याचे काम घरातल्या दुसऱ्यास द्यावे. तोंडाला फडके बांधावे, हात धुऊन मगच वैरण घालावी. मांजराला अंथरुणात घेऊ नये. आणि अफवा कानी आली, तर घरातले मुके जनावर रस्त्यावर सोडण्याआधी पशुवैद्याला विचारावे. जनावर आपल्याला जाब विचारणार नाही. म्हणून हे आपणच लक्षात ठेवायचे आहे.