पावत्या फाडणारा माणूस

लग्नाच्या बैठकीत विचारणा होते, "मुलगा काय करतो?" "एका संस्थेत आहे. निधी उभा करण्याचं काम बघतो." क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी काका हळूच म्हणतात, "म्हणजे पावत्या फाडतो!" साबणाच्या खपाचं टार्गेट गाठणाऱ्या जावयाचं कौतुक करणारं हेच घर शाळेसाठी पैसे मागणाऱ्याकडे मात्र झोळीवाल्याकडे बघावं तसं बघतं.

हा तुच्छभाव आपल्याला शोभत नाही. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि सुट्टीत गावोगाव हिंडून अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी जमवत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली, तरी कर्व्यांचं मागणं थांबलं नाही. १९२९ मध्ये, सत्तरी गाठलेला हा माणूस व्याख्यानं देत, वर्गण्या मागत युरोप-अमेरिका फिरला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागितला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

आपण या माणसांना महर्षी म्हणतो, कर्मवीर म्हणतो, पण त्यांच्या आयुष्यातून नेमका चुकीचा धडा घेतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात एकदा धान्य संपलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र गेलं. ही गोष्ट व्याख्यानांतून सांगितली जाते, श्रोत्यांचे डोळे भरून येतात, टाळ्या पडतात. सातारा जिल्ह्यात तेव्हा पैसेवाली माणसं नव्हती का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ती कथा लक्ष्मीबाईंच्या त्यागाची आहेच. आपल्या नाकर्तेपणाचीही आहे. पण आपण त्या प्रसंगाची मोजपट्टी केली: संस्थेच्या माणसाने घरचं मोडून काम करावं. पगार घेतला की तो बाटला.

म्हणून देणगीदाराचा पहिला प्रश्न असतो, "अ‍ॅडमिनवर किती जातात?" कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. व्यवहारात तीच पट्टी सर्रास संस्थेला लावली जाते. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला पूर्वी पन्नास टक्के वापरता येत, २०२० च्या दुरुस्तीने ते वीसवर आणले. उधळपट्टीला चाप हवा, यात वाद नाही. पण हिशेब लिहिणारा, ऑडिटची कागदपत्रं लावणारा, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा घालणारा माणूस पोट कशावर भरणार?

वृद्धाश्रमात जाऊन बघा. वाढदिवसाचं गोड जेवण द्यायला लोक तारखा मागतात, श्रीखंडाची तर रांग लागते. मधुमेही आजोबांनी ते खावं तरी किती? पण रात्री दोनदा उठून आजोबांची कूस बदलणाऱ्या मावशींचा पगार "माझ्या नावाने द्या" असं म्हणणारा देणगीदार विरळा. पंख्याच्या पात्यांवर आईवडिलांचं नाव घालता येतं, मावशींच्या पगारावर कुठे घालणार?

निधी उभा करणाऱ्याचं कसब इथेच लागतं. आज शाळा, उद्या रुग्णालय, परवा पाणलोट: क्षेत्र बदललं की लोक म्हणतात, याची निष्ठा कुठेच नाही. मला हे पटत नाही. शाळेत माजी विद्यार्थ्याची आठवण जागी करायची असते, रुग्णालयात नुकतंच माणूस गमावलेल्या घराशी जपून बोलायचं असतं, पाणलोटाच्या गावात पैशाआधी श्रमदान मागायचं असतं. तिन्ही ठिकाणी उभं राहिलेल्याला वृद्धाश्रमातल्या देणगीदाराला श्रीखंडाकडून रात्रपाळीकडे वळवणं जमतं.

अर्थात या पेशालाही पथ्यं हवीत. निधी उभा करणाऱ्याला चांगला पगार असावा, जमवलेल्या रकमेवर टक्केवारी मात्र कधीच नसावी. टक्केवारी आली की ज्या मुलाच्या फोटोने जास्त पैसे येतात तोच मुलगा छापला जातो, नाकातोंडावर माशांसह. त्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं. दहा वर्षांनी तो मोबाइलवर स्वतःचा तो फोटो बघेल, याचा विचार न करणाऱ्याला काकांनी खुशाल पावत्या फाडणारा म्हणावं.

बाकीच्यांना मात्र घरात बसवा, चहा द्या. आणि पावतीवर नाव सांगण्याआधी एवढं विचारा: "रात्रपाळीला किती जणी आहेत, आणि त्यांना महिन्याला काय देता?"