तेजसचं काय करायचं?

पुण्यात एरंडवण्याच्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ, अशी एक इमारत होती. स्टुडिओत तीसएक माणसं आणि त्या सगळ्यांचे मिळून एक दादा. दादा म्हणजे दिग्दर्शक. पन्नाशी उलटलेली, पण हात असा की एकदा ओढलेली रेघ पुसावी लागत नसे.

मुंबईच्या एका वाहिनीकडून काम आलं. सुपरहिरोंची नवी टीम हवी होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, अकरा-अकरा मिनिटांचे सव्वीस भाग. दादांनी त्याच रात्री तेजस काढला. तेजस उडायचा, डोंगर उचलायचा, डोळ्यांतून किरण सोडायचा आणि त्याला कशानेच काही होत नसे. मग उरलेले चौघे जन्माला आले. दूरची कुजबुज ऐकणारी कानोसा, जमिनीतून आरपार जाणारा दांडगट भुयार, गरगर फिरून वावटळ उठवणारी भिंगरी आणि ज्याचे तळहात कशालाही चिकटत असा गोंद.

दिसायला टीम फर्मास होती. भुयार चौकोनी, गोंद वाटोळा, भिंगरी उलट्या त्रिकोणाची, कानोसा बारीक उभ्या रेघेसारखी. पात्र काळ्या शाईने भरून टाकलं तरी नुसत्या आकारावरून ओळखू आलं पाहिजे, हा या धंद्यातला जुना नियम. पाचही जण त्यात पास झाले. मॉडेल शीट आणि रंग वाहिनीच्या मॅडमनी एका बैठकीत मंजूर केले. तेजसकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा दप्तरावर चांगला दिसेल." त्यांचंही चूक नव्हतं. मालिकेचा खर्च पुष्कळदा दप्तरं, डबे आणि पाण्याच्या बाटल्यांवरच्या चित्रांतून वसूल करावा लागतो, आणि दप्तरावर पाच चेहऱ्यांपेक्षा एक चेहरा मोठा बसतो.

घोडं अडलं ते पटकथेत. पटकथा लिहिणाऱ्या ताई जुन्याजाणत्या होत्या. पहिल्या भागात त्यांनी धरणाला तडा पाडला. चौथ्या मिनिटाला तेजस आला, त्याने एक शिळा उचलून तड्यात बसवली आणि गाव वाचलं. उरलेली सात मिनिटं काय करायचं? ताईंनी धरण तसंच ठेवलं आणि तेजसला आधीच चंद्रावर पाठवून दिलं. दुसऱ्या भागात तो बेशुद्ध पडला. तिसऱ्यात खलनायकाने त्याला एका काळ्या दगडाने जखडलं. चौथा भाग लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी पेनच खाली ठेवलं.

"दादा, दर भागात याला घराबाहेर काढायला मी कारण कुठून आणू? आता काय मावसभावाच्या लग्नाला पाठवू?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत.

ताईंनी मग दोन उदाहरणं दिली. १९७३ साली अमेरिकेत हॅना-बार्बेरा कंपनीने 'सुपर फ्रेंड्स' काढलं. त्यात समुद्राचा राजा अ‍ॅक्वामॅन होता. सुपरमॅन शेजारी उभा असताना त्याला काम द्यायचं तर गोष्टीत कुठून तरी पाणी आणावं लागे. पुढे कित्येक वर्षं तो बिचारा विनोदाचा विषय होऊन राहिला. २००१च्या 'जस्टिस लीग'मध्ये सात जण होते. उरलेल्या सहांना वाव मिळावा म्हणून पहिल्या पर्वात सुपरमॅनच आधी मार खाऊन आडवा व्हायला लागला. प्रेक्षक चिडले. मालिका करणाऱ्या ब्रूस टिम आणि त्याच्या मंडळींना पुढच्या पर्वात त्याचा जोर परत आणावा लागला.

"म्हणजे मोठ्याला मोठं ठेवलं तर बाकीचे दिसत नाहीत आणि त्याला पाडलं तर तोच वाया जातो," ताई म्हणाल्या.

"अडचण पात्रात नाही, बोर्डात आहे," दादा म्हणाले, आणि स्टोरीबोर्डाची सगळी पानं घरी घेऊन गेले.

ही दादांची जुनी सवय. स्टोरीबोर्ड म्हणजे भागातला प्रत्येक प्रसंग चौकटीचौकटीत काढून ठेवायचा. पुढचं सगळं, म्हणजे पार्श्वभूमी, हालचाल, आवाज, त्यावर उभं राहतं. हे काम चार मुलं-मुली करत. रात्री दादा ती पानं नेत आणि सकाळी परत आणत, तेव्हा निम्म्या चौकटी त्यांच्या हातच्या झालेल्या असत. त्या चांगल्या असत, हीच खरी पंचाईत. वाईट असत्या तर कुणीतरी भांडलं असतं. हळूहळू मुलं गर्दीची, घाईची, अवघड चौकट रिकामी सोडायला लागली आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायला लागली, 'दादा बघतील'. दादा बघत. पहाटे तीनपर्यंत जागून बघत. प्रॉडक्शन मॅनेजरच्या तक्त्यावर लाल चौकटींची संख्या वाढत चालली होती आणि स्टुडिओतला सगळ्यात कामसू माणूसच सगळ्यांना खोळंबून ठेवतो आहे, हे त्याला सांगणार कोण?

पहिल्या भागाचं अ‍ॅनिमॅटिक तयार झालं. बोर्डाची चित्रं वेळेत बसवायची आणि वर कच्चे आवाज चढवायचे. सिनेमा होण्याआधीचा सांगाडाच तो. जवळच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला तो दाखवला. मुलं खूश. कोण आवडलं, असं विचारल्यावर एकच गिल्ला झाला, "तेजस!" मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली.

मधली सुट्टी झाली. मुलं पटांगणात लगेच तोच खेळ खेळायला लागली. व्हरांड्यात दादा आणि ताई चहा घेत उभे होते. पाच मुलगे होते. पाचही तेजस झाले. आधी सगळ्यांनी मिळून झाडाला मारलं, मग एकमेकांना मारलं. हात धुवून उशिरा आलेल्या एका मुलीच्या वाट्याला कानोसा आली. तिने कानाला हात लावून ओरडून सांगितलं, "राक्षस येतोय!" पाचही तेजस राक्षसाकडे पळाले. ती तिथेच उभी राहिली आणि थोड्या वेळाने एकाला जाऊन विचारू लागली, "आता मी काय करू?"

"तू थांब," तो म्हणाला.

दादांनी चहा तसाच ठेवला.

शहाण्या माणसाची खोड अशी की चूक कळली तरी पहिला उपाय तो आपल्या सोयीचाच शोधतो. दादांनी तेजसची ताकद निम्मी केली. किरण काढून टाकले, उडणं दोन मिनिटांवर आणलं, वर थोडा वेंधळेपणाही दिला. आठवड्याने त्याच वर्गाला नवं अ‍ॅनिमॅटिक दाखवलं. एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "हा तेजस नाहीये. याला बरं वाटत नाहीये." कानोसाबद्दल कुणी काही बोललंच नाही.

स्टुडिओत त्या दिवशी स्मशानशांतता. ताईंनी संगणकावर एक जुनी फिल्म लावली. १९७४ची, विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता'. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांना ती तोंडपाठ आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी एका दमात जाळ्यासकट उडतात आणि उंदरांकडे जातात. उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतात. गोष्ट मुळात पंचतंत्रातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या उंदीर मित्राला सांगतो की माझे पाश मागाहून तोड, आधी माझ्या माणसांचे तोड.

"यातलं कोण जास्त बलवान?" ताईंनी विचारलं.

"कबुतरं," एक जण म्हणाला. "अख्खं जाळं उचललं की."

"आणि उचलून सुटली का?"

कुणी बोललं नाही.

"उंदराला मोठं करायला कबुतरांचे पंख कापले नाहीत हो कुणी. गाठच अशी घातली की ती पंखांनी सुटणार नाही. आपण सहा आठवडे तेजसला कापतोय. गाठ बदलायला हवी."

बोर्ड काढणाऱ्या चौघांत एक नवी मुलगी होती. आंबेगाव तालुक्यातली, म्हणून सगळे तिला आंबेगावची म्हणत. ३० जुलै २०१४ला तिच्याच तालुक्यात माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हा ती शाळेत होती. दीडशेहून जास्त माणसं गेली. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. त्या दिवशी मात्र ती खाली बघत म्हणाली, "ढिगाऱ्याखाली माणूस असला ना, की जोर असून उपयोग नसतो. कुठला दगड आधी काढायचा ते कळायला लागतं. चुकीचा काढला तर वरचं सगळं खाली येतं. शोधणारे लोक मधूनच सगळं काम थांबवतात. यंत्रंसुद्धा. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"मग तेजस काय करेल?" दादांनी विचारलं.

तिने जरा विचार केला. "एक शिळा धरून ठेवेल. शेवटपर्यंत. त्याने सोडली तर सगळे मेले."

असा तो भाग झाला. घाटातली वाडी, वर दरड. तेजस उडत येतो, पहिलाच दगड उचलतो आणि ढिगारा खचतो. कानोसा ओरडते, "थांब!" मग सगळे गप्प. ती ढिगाऱ्याला कान लावते. तिसऱ्या घराच्या मागे कुणीतरी भांडं वाजवतंय. गोंद सुटणारा उतार तळहातांनी धरून ठेवतो, भुयार खालून आत शिरतो, भिंगरी आत हवा ढकलत राहते. आणि डोंगर उचलणारा तेजस? तो एका शिळेखाली खांदा देऊन नऊ मिनिटं जागचा हलत नाही. नाकावर माशी बसते, ती हाकलता येत नाही. जोर सगळा पहिलाच. एका कणानेही कमी केलेला नाही.

बोर्ड काढायचं ठरलं ते आंबेगावचीनेच. दुसऱ्या दिवशी दादांना लांबूनच दिसलं की तिसऱ्या पानावरचा डोंगराचा उतार चुकलाय, वाडी हवेत तरंगतेय. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला. तासाभराचं काम होतं. ते त्यांना माहीत होतं, तिला माहीत होतं, तक्ता घेऊन बसलेल्या मॅनेजरला तर पक्कं माहीत होतं.

"अगं, वाडीचे पाय जमिनीवर आहेत का बघ," दादा म्हणाले आणि खिशात हात घालून उभे राहिले.

तिला दोन दिवस लागले. पहिल्या दुरुस्तीत वाडी जमिनीवर आली, पण डोंगर बुटका झाला. दादा मध्ये दोनदा गच्चीवर जाऊन आले. मॅनेजरने दोन नव्या चौकटी लाल केल्या आणि दादांकडे असं बघितलं की त्यांना खाली जाऊन विनाकारण झेरॉक्स काढावीशी वाटली. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलाने गर्दीची एक अख्खी चौकट स्वतः काढली. कोपऱ्यात काही लिहिलं नव्हतं. चौकट बरी होती. फार चांगली नव्हती, दादांनी काढली असती तशी तर नव्हतीच.

तिसऱ्यांदा तोच वर्ग. यावेळी 'कोण आवडलं' यावर एकमत झालं नाही, भांडण झालं, आणि मॅडमना वहीत काय लिहावं कळेना. मधल्या सुट्टीत पटांगणात तेजस दोनच होते. त्यातल्या एकाला भिंतीला खांदा लावून उभं केलं होतं. त्याच्या मित्राने लांबून बोलावलं, "अरे, डबा खायला चल!" तो ओरडला, "नाही येत! मी सोडली तर ते मरतील!" घंटा झाली तरी पठ्ठ्या तिथेच. बाईंनी हाताला धरून वर्गात नेला.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. भाग मंजूर होता, पण एक हरकत होती. कानोसा ढिगाऱ्याला कान लावते तिथे आठ सेकंद कुठलाच आवाज नाही, ना संगीत ना काही. "दादा, मुलं चॅनल बदलतील. आठ सेकंद म्हणजे दोनशे फ्रेम्स नुसत्या गप्प! तीन सेकंदांवर आणा, खाली हलकं म्युझिक टाका. तुम्ही म्हणाल तसं करू, पण तुम्ही सांगा."

दादांकडे उत्तर तयार होतं. तीस वर्षांच्या कामातून आलेलं, पटणारं उत्तर. त्यांनी फोन कानापासून काढला आणि पलीकडच्या टेबलापाशी जाऊन आंबेगावचीच्या हातात दिला.

"तू काढलंयस. तूच सांग त्यांना."

तिचा चेहरा उतरला. फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता. "नमस्कार मॅडम," ती म्हणाली आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. मग म्हणाली, "संगीत नको मॅडम. संगीत असलं तर तिला ऐकू येणार नाही... हो, कानोसाला... हो, ते कळतं मला, खोटीच आहे ती." पुन्हा ऐकलं. "तीन नाही जमणार. तीन सेकंदांत मुलांना वाटेल टीव्ही बंद पडला. थोडं जास्त राहिलं तर ती पण ऐकायला लागतील."

समोरून काहीतरी बोलणं झालं. दादा खिडकीबाहेर बघत होते. मान वळवायची नाही, असं ठरवून बघत असावेत.

"सहा," ती म्हणाली. "सहाच्या खाली नको."

फोन बंद करून तिने मॅनेजरकडे पाहिलं. त्याने तक्ता पुढे ओढला, दोनशेवर काट मारली आणि शेजारी दीडशे लिहिलं.