आधी धीर, मग विद्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, की घरोघरी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. जयंतीचा पाळणा होतो, प्रसाद होतो आणि पोथी पुन्हा वस्त्रात बांधली जाते. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरात दहावी-बारावीची परीक्षा येते. तेव्हा पोथीत वाचलेले आपल्याला आठवते का? आज एवढेच बोलायचे आहे.

आमच्याकडे पारायणाला येणाऱ्या एक ताई एकदा मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, याच्या डोक्यावर हात ठेवा हो. घरी सगळं येतं, पण पेपर हातात पडला की काही आठवत नाही." पोरगं मान खाली घालून उभं. मी विचारलं, "बाळा, पेपर हातात आला की पहिल्यांदा मनात काय येतं?" तो हळूच म्हणाला, "घरी काय सांगू."

बघा, अडचण गणिताची नव्हतीच!

आता पोथी उघडू या. आठव्या अध्यायात विद्वान ब्राह्मणाचा मंदबुद्धी मुलगा आहे. वडील त्याला शिकवण्यासाठी मारायचे. आईचा जीव तुटायचा. पुढे वडील गेले, माधुकरीची वेळ आली आणि लोकांचे टोमणे सुरू झाले. बाप केवढा विद्वान, आणि हा असा! ते ऐकून ऐकून मुलगा जीव द्यायला नदीकडे निघाला, आणि त्याच्यामागे आईही. कुरवपुरी कृष्णेच्या काठी त्यांना श्रीपाद श्रीवल्लभ भेटले. सतराव्या अध्यायातला करवीरचा अनाथ मुलगाही असाच. लोकांनी हिणवले म्हणून तो गाव सोडून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात गेला. तीन दिवस उपाशी राहिला आणि शेवटी स्वतःची जीभ कापून देवीच्या पायाशी ठेवली. देवीने त्याला पैलतीरी औदुंबराखाली नृसिंहसरस्वती स्वामींकडे पाठवले.

दोन्ही कथांत विद्या मिळाली हे आपल्याला पाठ असते. ती कोणत्या क्रमाने मिळाली, तिकडे लक्ष जात नाही. श्रीपादांनी मायलेकांना आधी थांबवले. त्यांचे दुःख ऐकून घेतले. प्राण देऊन काही साधत नाही हे समजावले, शनिप्रदोषाची कथा सांगून आशा दिली. मग मुलाच्या मस्तकी हात ठेवला. औदुंबराखालीही तेच. महाराजांनी "तुला काय येतं?" असे विचारले नाही, परीक्षा घेतली नाही. जवळ आलेल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. माराने आणि टोमण्यांनी त्या मुलांचे मन मिटून गेले होते, ते गुरूंच्या हाताखाली उमलले. आधी धीर, मग विद्या.

हे का, तेही दत्तप्रभूंच्या वाटेवर सापडते. अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत कुंभारीण माशी आहे. तिने कोंडलेला किडा भीतीने तिचेच ध्यान करतो आणि तिच्यासारखाच होतो, अशी ती उपमा. प्रेमाने असो, द्वेषाने असो की भयाने, मन ज्याला धरून बसते त्याचाच आकार घेते. आपल्या मुलाचे तेच होते. पुस्तक समोर गणिताचे, ध्यान मात्र नापासाचे. मानसशास्त्रही हेच म्हणते, की काळजीने मन भरले की विचार करायला, आठवायला जागा उरत नाही. मग आलेले उत्तरही हातून निसटते.

कोणी म्हणेल, "म्हणजे मुलांचे नुसते लाड करायचे का?" तसे नव्हे. अभ्यास मुलानेच करायचा आहे. चोवीस गुरूंत बाण घडवणारा कारागीरही आहेच. समोरून राजाची मिरवणूक गेली तरी त्याची नजर बाणावरून हलली नाही. पण अशी एकाग्रता धाकाने येत नाही, गोडीने येते. आणि घाबरलेल्या मनाला गोडी लागत नाही.

आपण कोणी सद्गुरू नाही. आपल्या हाताने क्षणात विद्या येणार नाही. पण हात ठेवणे तर आपल्याला जमते! पेपर देऊन मूल घरी आले, की "किती मिळतील?" म्हणण्याआधी "ये, जेवून घे" म्हणा. चुकले तर "कुठे अडलं, दाखव बरं" म्हणा. शेजारच्या मुलाचे गुण काढू नका. पोथीतल्या दोन्ही मुलांना टोमण्यांनीच त्या टोकाला नेले होते.

आणि एक कळकळीचे सांगणे. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवेना, झोपेना, "मी नसलेलोच बरा" असे बोलले, तर ते नाटक समजू नका. शेजारी बसा, ऐका, सरळ विचारा. एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, तिथे बोला. नवस नंतर फेडता येईल, आधी लेकराला नदीकाठावरून मागे आणा. महाराजांनी तेच केले.

त्या ताईंना मी म्हटले, "माझा हात कशाला? तुमचाच ठेवा." त्यांनी तिथेच मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. पोराच्या डोळ्यांतून पाणी आले. औदुंबराची सावली आणखी वेगळी काय असते?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!